सहाव्या पानावरचा मुलगा

जावक क्र. ७
१२ जानेवारी

चि. धाकट्या,

आशीर्वाद आहेतच. ते दर वेळी लिहून कागद अडवत नाही.

जून ते नोव्हेंबर, दर महिन्याला एक, अशी सहा पत्रं तुला पाठवली. एकाचंही उत्तर नाही. पोचली नाहीत असं म्हणायची सोय मी ठेवलेली नाही. सहाही पत्रं नोंदणी करून, पोचपावतीसकट टाकली होती. सहाही पोचपावत्या परत आल्या आणि सहाहीवर तुझी सही आहे, शेवटची रेघ पार कागदाच्या कडेपर्यंत फरफटत नेलेली. शाळेत प्रगतिपुस्तकावर माझी सही ठोकायचास, तेव्हाही याच रेघेने पकडला जायचास. अडतीस वर्षं मी कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर काढली. आलेल्या कागदाची नोंद, गेलेल्या कागदाची नोंद, एवढंच काम. पण कागद कुणाच्या हाती पडला आणि कुणाच्या नाही, यात मला कुणी बनवू शकत नाही. त्या पोचपावत्या आता योग्य जागी नीट लागलेल्या आहेत, ती काळजी नको.

आज लिहायचं कारण वेगळं. सरळ विचारतो. गेल्या महिन्याभरात माझी चौकशी करायला तुझ्याकडे कुणी आलं होतं का? वकिलातीतलं, पोलिसांतलं, किंवा नुसताच गोड बोलणारा कुणी अनोळखी?

का विचारतो ते ऐक. मी इथे ताईकडे आलो तो भेटीच्या परवान्यावर. सहा महिने, मग वाढवून आणखी सहा. एप्रिलअखेर तो संपतो आणि पुन्हा वाढत नाही. म्हणून डिसेंबरात ताईने अर्ज केला, की वडिलांना कायमचं इथेच राहू द्या. इथला कायदा म्हणतो, म्हातारा बाप लेकीकडे राहू शकतो, पण मायदेशी त्याला सांभाळणारं दुसरं लेकरू नसेल तरच. मी तर खोली सोडून आलो. घरमालकाने माझ्यादेखत कुलूप बदललं. म्हणजे अर्ज नामंजूर झाला, तर दोन बॅगा घेऊन मी विमानतळावर उतरणार आणि रिक्षावाल्याला पत्ता कुठला सांगायचा हे मला माहीत नसणार.

ताईने अर्जाची प्रत मला दिली. मुखपृष्ठावर लिहिलंय बारा पानं. मी मोजली, अकरा. सहावं पान नाही. कोपऱ्यात पिनची चार भोकं आहेत. एका पिनला दोन लागतात. म्हणजे पिन काढली, पान काढलं, पुन्हा पिन मारली. पाचव्यावर माझी माहिती, सातव्यावर राहण्याची व्यवस्था. मधे काय असणार ते सांगायला नको.

ताईला विचारलं तर म्हणाली, "छापताना राहिलं असेल हो बाबा. तुम्ही पण ना, पानं कसली मोजता!"

पानं मोजू नयेत तर काय करावं?

ज्या पानावर मुलांची नावं लिहायची तेच पान नाही. तिने तुझ्याबद्दल काय लिहिलं असेल? मुलगा नाही? की होता?

इथे खिडकीतून एक तळं दिसतं, त्यात एकच होडी, दोरीने बांधलेली. काल ती पाहून चौथीच्या पुस्तकातली होडीची कविता आठवली. तू ती सगळ्या वर्गासमोर म्हणायचास आणि तिसऱ्या कडव्यापाशी हटकून अडायचास. स्नेहसंमेलनाला मी पहिल्या रांगेत बसून नुसते ओठ हलवले होते. माझे ओठ वाचून तू कविता तडीला नेलीस. गुरुजींना कळलं होतं, पण ते पट्टीने ताल धरत राहिले.

चौकशीचं तेवढं कळव.

तुझा बाबा


जावक क्र. ८
२९ जानेवारी

चि. धाकट्या,

काल सरकारी पाकीट आलं. मला दाखवलं नाही.

मी रोज अकराला टपालपेटीपाशी जातो. तुझ्या पोचपावत्या ताईच्या हाती लागू नयेत म्हणून ही सवय लावून घेतली. ताईला वाटतं मी वाचनालयात फिरायला जातो. वाचनालयात जातोही, पण आधी पेटी. काल मात्र ताईही माझ्याबरोबर बाहेर पडली, आणि शेजारचा माणूस आमच्याआधी पेटीपाशी उभा. निवृत्त गृहस्थ आहे, दिवसभर दारातल्या कुंड्यांना पाणी घालतो. दोन कुंड्यांना एवढं पाणी लागत नाही. पाकीट त्याने ताईच्या हाती दिलं, माझ्या नाही. आणि देताना माझ्याकडे बघून हसला.

दुपारी मी पडलो होतो. स्वयंपाकघरात दोघं बोलत होते. झोपलेला माणूस किती हळू श्वास घेतो ते मला ठाऊक आहे, तसा घेत राहिलो.

जावईबापू म्हणाले, "त्यांना सांगायचं का?"

"नको. लगेच फायली काढून बसतील."

"अगं पण उद्या त्यांनाच बोलावलं तर?"

"वकीलबाईंना आधी विचारते. तू गप्प बस."

संध्याकाळी ताई माझ्या खोलीत आली, पांघरुणाची घडी घातली, मग मोडून पुन्हा घातली. "बाबा, धाकट्याला तुम्ही फोन-बिन केला नाहीत ना कधी?"

"फोन? छे."

"नक्की?"

"तुझ्या आईची शपथ घेऊ का?"

खोटं बोललो नाही. फोन केला नाहीच. पण ती विचारते कशावरून? मी तुला लिहितो हे या घरात कुणालाही माहीत नाही. मग हा प्रश्न तिच्या डोक्यात घातला कुणी?

जावईबापूंवर माझी नजर आहे. गेल्या आठवड्यात टेप घेऊन माझ्या खोलीची भिंत मोजत होते. मी विचारलं, "काय मोजताय?" तर म्हणाले, "काही नाही, असंच." असंच कुणी भिंत मोजतं? त्यांच्या कामाचं टेबल सध्या दिवाणखान्यात, मुलीच्या खेळण्यांत अडकलेलं आहे. या खोलीत ते छान मावेल, हे मलाही दिसतं.

आता तुझं. रागावू नकोस, पण मी सगळ्या बाजूंनी विचार करतो. माझी पत्रं तू फोडतोस, की सही करून तशीच ठेवतोस? आणि ठेवतोस, तर कुठे? कुणाच्या हाती तर देत नाहीस?

तुझा राग त्या जुन्या पाकिटाचा आहे हे मी समजतो. टपालखात्याचा घोळ होता, मी तेव्हाही सांगितलं. टपालखात्यात काय काय होतं ते मी जन्मभर पाहिलंय. पण त्याचा वचपा असा काढायचा नसतो.

बाबा


जावक क्र. ९
११ फेब्रुवारी

धाकट्या,

आज वकीलबाईंकडे गेलो होतो. खोली लहान, भिंतीला लावलेलं रोपटं प्लॅस्टिकचं, आणि टेबलावर फायलींचे असे ढीग की पलीकडून फक्त तिचे केस दिसत होते. बाई आपल्याच भाषेतली आहे, पण प्रत्येक वाक्याच्या शेवटी हसते, हसण्यासारखं काही नसताना. मला असली माणसं रुचत नाहीत.

"काका, घाबरायचं नाही हं," म्हणाली आणि हसली. तेव्हाच मी घाबरलो.

तिने सहावं पान माझ्यापुढे ठेवलं. ताई खिडकीकडे बघायला लागली. त्यावर लिहिलंय: एक मुलगा. गेली नऊ वर्षं वडिलांशी कोणताही संबंध नाही, बोलणं नाही, पत्रव्यवहार नाही. तो वडिलांचा सांभाळ करणार नाही. खाली ताईची सही.

खरं सांगतो, तिने तुला मेलेला लिहिलं असतं तर मी तिच्यावर ओरडलो तरी असतो. हे वाचून ओरडायलाही काही सापडेना.

"म्हणून पान काढलंस होय?" मी विचारलं.

"तुम्ही वाचलं असतंत तर आठवडाभर जेवला नसतात," ताई म्हणाली. "आणि खोटं काय आहे त्यात? सांगा ना बाबा. खोटं आहे का?"

मी ते पान उलटं करून ठेवलं.

मग वकीलबाईंनी सरकारी पाकीट वाचून दाखवलं. मजकूर असा, की आमच्याकडच्या कागदपत्रांवरून अर्जदार आणि त्याचा मुलगा यांच्यात नियमित पत्रव्यवहार असल्याचं दिसतं. मुलीने दिलेली माहिती खोटी असल्यास तिचा परिणाम तिच्या स्वतःच्या अर्जावरही होऊ शकेल. खुलासा करावा.

ताई अजून इथली नागरिक झालेली नाही. तिचाही अर्ज आत पडून आहे. म्हणजे आता मी एकटा लटकलेलो नाही.

"कसला पत्रव्यवहार?" ताईने माझ्याकडे वळून विचारलं. "बाबा?"

"त्यांची काहीतरी चूक झाली असेल," मी म्हणालो.

वकीलबाई पहिल्यांदाच हसली नाही. म्हणाली, "काका, अशा गोष्टी त्यांना स्वप्नात दिसत नाहीत. कुणीतरी कळवलंय."

हे तिचे शब्द. घरी येताना मी सगळा रस्ता तेच घोळवत होतो. शेजाऱ्याला आपली लिपी येत नाही. जावईबापूंना पत्रांचा पत्ता नाही, नाहीतर एव्हाना बोलले असते. ताई स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणार नाही. या पत्रांची माहिती जगात दोघांनाच आहे, लिहिणाऱ्याला आणि घेणाऱ्याला. लिहिणाऱ्याने सांगितलं नाही. मग राहिलं कोण?

नऊ वर्षं तू एका शब्दाने बोलला नाहीस. बोललास तो यांच्याशी? माझी पत्रं गठ्ठा बांधून त्यांच्या टेबलावर टाकलीस? माझ्यावर राग आहे तर माझ्यावर काढ. तुझ्या बहिणीने काय केलं होतं? तिच्या लग्नात तिला सोडताना रडून रडून तुला ताप भरला होता, ते विसरलास?

तूच केलं आहेस हे.

तरी हे पत्र नोंदणीनेच पाठवतो आहे. सही कर.


जावक क्र. १०
१८ फेब्रुवारी

धाकट्या,

मागचं पत्र फाडून टाक. फोडलं नसशील तर न फोडता फाड.

वकीलबाईंनी सरकारकडून आमच्या फायलीची पूर्ण प्रत मागवली. ती काल आली. शेवटी जोडपत्र 'ड'. वरचं अक्षर मी तीन हातांवरून ओळखलं, कारण ते माझं होतं. 'अर्जदाराच्या वास्तव्याचा पुरावा, अनुक्रमांक १ ते १२.' खाली नोंदणीच्या सहा पावत्या, तारखेप्रमाणे, आणि प्रत्येकीला जोडून तिची पोचपावती. पाठवणाऱ्याचं नाव, ताईचा पत्ता, तुझं नाव, तुझा पत्ता, तुझी सही. मी स्वतः दोऱ्याने टाके घालून बांधलेलं.

झालं असं. डिसेंबरात सरकारने मागितलं होतं, की गेल्या सहा महिन्यांत अर्जदार याच घरी राहतो हे दाखवणारा, महिन्याला एक तरी कागद द्या, त्यावर त्याचं नाव आणि पत्ता हवा. या घरात विजेचा, पाण्याचा, सगळा कागद जावईबापूंच्या नावाचा. ताई रडकुंडीला आली. "बाबा, तुमच्या नावाचं काहीच कसं नाही हो?" मी म्हटलं, "आहे. महिन्याला एक आहे." तिला वाटलं माझ्या जुन्या कचेरीला लिहितो ती पत्रं असतील. मी पाकीट चिकटवून दिलं. माझं जोडपत्र इतकं व्यवस्थित होतं की वकीलबाईंच्या माणसाने उघडून पाहिलंही नाही, नुसते आकडे तपासले आणि लावून टाकलं.

मला तेव्हा काय वाटत होतं सांगू? अभिमान. अडतीस वर्षांनी कुणाला तरी माझ्या नोंदी उपयोगी पडल्या म्हणून.

जावईबापूंनी ते जोडपत्र उलटसुलट पाहिलं आणि म्हणाले, "बाबा, स्वतःची चहाडी माणूस करतो एखादवेळी. पण अनुक्रमांक घालून?"

आणि मग हसायला लागले. त्यांना हसू आवरेना. ताई त्यांच्यावर खेकसली, तरी हसतच राहिले. मग मलाही हसू आलं, आणि ते कुठल्या क्षणी दुसरंच काही झालं ते कळलं नाही.

भिंत ते पुस्तकांच्या फळीसाठी मोजत होते. माझ्याच. परवा ठोकली.

तुझ्यावर घेतलेला आळ मागे घेतो. नोंदवहीत तशी नोंद केली आहे.


जावक क्र. ११
२ मार्च

चि. धाकट्या,

मुलाखतीची तारीख लागली, सोळा मार्च. वकीलबाई म्हणते, प्रश्न विचारतील तेव्हा थोडक्यात बोला. मी कधी थोडक्यात बोललोय?

ताई दोन आठवडे माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलत होती. काल नातीला झोपाळ्यावर न्यायला दोघं गेलो होतो. ती पोरगी आभाळाला पाय लावत होती आणि ताई मधेच म्हणाली, "काय लिहिता हो त्याला?"

"काही नाही. हवापाणी. शाळेतल्या कविता."

"कविता! आणि तो का बोलत नाही तुमच्याशी? या वेळी खरं सांगा."

मी टपालखात्याचं सांगायला सुरुवात केली. तिने हात वर केला. "बाबा, टपाल उशिरा आलं म्हणून कुणी बापाशी नऊ वर्षं अबोला धरत नाही."

मी तिला सांगितलं. आता तुला सांगतो. तुला माहीत आहे, पण माझ्या तोंडून तू ऐकलेलं नाहीस, आणि जानेवारीतल्या पत्रातसुद्धा मी तुलाच, तुलाच, टपालखात्याची थाप मारली.

ते पाकीट वेळेवर आलं होतं. चार मे. तुझा परदेशातल्या कामाचा परवाना घ्यायला तुला तेवीस मेला वकिलातीत हजर राहायचं होतं. मी ते माझ्या कवितांच्या वहीत ठेवलं. चोवीस तारखेला तुझ्या हातात देऊन म्हणालो, "आत्ताच आलं रे, या टपालवाल्यांना काही लाजलज्जा?" तू तसाच चपला घालून धावलास. संध्याकाळी परत आलास तेव्हाचं तुझं तोंड मला अजून दिसतं. तारीख गेली होती आणि जागा दुसऱ्याला गेली होती.

आई आजारी होती. ताई नुकतीच लग्न होऊन इकडे आली होती. आईसाठी केलं, असं मी मनाशी म्हणत होतो. पण आईला मी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर ती म्हणाली असती, जाऊ दे त्याला. म्हणूनच विचारलं नाही. त्या घरात तिच्याबरोबर शेवटापर्यंत एकटं राहायची मला भीती वाटत होती. एवढंच होतं. तुझं अख्खं आयुष्य मी त्या भीतीसाठी वीस दिवस वहीत दाबून ठेवलं.

ती गेल्यावर आवराआवर करताना तुला ते पाकीट सापडलं. कोपऱ्यात माझ्याच बारीक अक्षरात, 'आवक ४ मे.' हाताच्या सवयीने लिहिलं गेलं होतं. तू ते माझ्यापुढे टेबलावर ठेवलंस. मी काहीतरी बोलेन म्हणून थांबलासही. मी म्हणालो, "चहा घेणार का?"

ताई हे ऐकून उठली. घरी येऊन भांडी घासत बसली. इथे भांडी यंत्रात घासतात, तरी ती हाताने घासत होती. जेवताना म्हणाली, "मी त्याला किती वेळा फोनवर सुनावलं, बाबांना माफ कर म्हणून. त्याने एकदाही सांगितलं नाही हो मला."

तू नऊ वर्षं माझी लाज राखलीस, हे मला काल कळलं.

मी माफी मागत नाही. ती मागितली की द्यायचं काम तुझ्यावर येऊन पडतं.

बाबा


जावक क्र. १२
१७ मार्च

चि. धाकट्या,

हे पत्र नीट वाच. फोडत नसशील तर एवढं एक फोड, म्हणून पाकिटावरही लाल शाईने लिहिलं आहे.

काल मुलाखत झाली. खोलीला खिडकी नव्हती. मुलाखत घेणारी बाई तिशीतली, नखं कुरतडलेली, चेहरा कोऱ्या कागदासारखा. मला तिच्या चेहऱ्यावरून काहीही वाचता आलं नाही, आणि ज्या माणसाचं काहीच वाचता येत नाही त्याच्यासमोर मला सारखं वाटत राहतं की निकाल आधीच लागलेला आहे. दुभाषी फोनवर होता. मी पाच वाक्यं बोललो की तो दीड वाक्यात आटपायचा.

मी म्हटलं, "अहो, बाकीची कुठे गेली?"

"आजोबा, भावार्थ पोचवला."

"भावार्थ तुमच्याकडे ठेवा. माझे शब्द पाठवा."

वकीलबाईंनी टेबलाखालून माझा पाय दाबला.

ताईला काही माहीत नव्हतं, पत्रं मी चोरून लिहीत होतो, असं मी सांगितलं. बाईचा विश्वास बसेना. म्हणून मी पिशवीतून जावक नोंदवही काढून तिच्यापुढे ठेवली. सहा नव्हे, अकरा पत्रं. वकीलबाईंनी डोळे मिटले. बाईने मात्र एकेक पान उलटलं. शेवटच्या रकान्यात मी प्रत्येक पत्रापुढे लिहिलं आहे, 'घरात कळवू नये.' मी ते मोठ्याने वाचलं, दुभाष्याने फोनवरून तिला सांगितलं. तिने त्याच्या फोटोप्रती काढून घेतल्या. वकीलबाई बाहेर आल्यावर म्हणाली, ताई बहुतेक सुटली. बहुतेक, म्हणाली. आणि हसली. या वेळी ते हसू मला बरं वाटलं, पण भरवसा ठेवत नाही.

मग बाईने विचारलं, "मुलाने तुम्हाला सांभाळायला नकार दिला आहे का?"

"नाही."

"होकार दिला आहे?"

"नाही."

"मग?"

"त्याला मी विचारलंच नाही."

ती पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघायला लागली. "अकरा पत्रं लिहिलीत आणि हे विचारलं नाहीत? का?"

"तो नाही म्हणेल म्हणून."

मग दुभाषी बोलला, आणि मी बोटांवर मोजलं, माझ्याइतकेच शब्द बोलला.

बाईने बराच वेळ टंकलेखन केलं. मग तिने सांगितलं ते तुला जसंच्या तसं लिहितो, यात माझं काही नाही. तुझ्याकडून सहीनिशी लेखी जबाब हवा, चौदा एप्रिलच्या आत, त्यांच्या कचेरीच्या पत्त्यावर. पत्ता वेगळ्या चिठ्ठीवर जोडला आहे. वडिलांना सांभाळणार की नाही, एवढंच लिहायचं. तू 'नाही' लिहिलंस तर मायदेशी मला कुणी नाही असं ठरतं आणि मी इथे राहू शकतो. 'हो' लिहिलंस तर मला इथे राहता येत नाही, एप्रिलअखेर तुझ्याकडे यायचं. आणि तू काहीच लिहिलं नाहीस, तर अर्ज अपुरा म्हणून निकालात काढतील. म्हणजे मला इथून जावं लागेल आणि जायला तुझं घरही नसेल.

तुझं गप्प राहणं मी नऊ वर्षं ओळखतो. या वेळी तेवढं करू नकोस.

ताईने काल रात्री भाजी वाढताना सुचवलं, "बाबा, पत्र असं लिहा ना, की तो नाहीच म्हणेल. तुम्हाला येतं तसं लिहायला." येतं. दोन ओळी जुन्या तोऱ्यात लिहिल्या, तुझ्यावर पुन्हा एक आळ घेतला की झालं, तुझं 'नाही' परतीच्या टपालाने येईल. तिला मी हवा आहे, हे तिने असं सांगितलं. आज सकाळपासून ती दोनदा डोकावून गेली, मी काय लिहितोय ते बघायला. मी हाताने कागद झाकला, परीक्षेत झाकतात तसा.

'नाही' लिहिलंस तर मनाला लावून घेऊ नकोस. तो कागद मला इथे ठेवून घेईल, तेही मुलाने बापासाठी केलेलं कामच. नातीचा झोपाळा आहे, फळीवर माझी पुस्तकं आहेत, जावईबापू चांगले आहेत. शेजारीसुद्धा परवा स्वतःहून एक कुंडी देऊन गेला. तिला पाणी किती घालायचं ते त्याने मला बोटांनी दाखवलं. मला अजूनही ते जास्तच वाटतं.

पण ताईला जे हवं तेच मलाही हवं, असं तू समजू नयेस म्हणून हे लिहितो. तुझ्याकडे जागा किती, तुझ्या घरात कोण कोण आहे, तू सकाळी कितीला बाहेर पडतोस, मला काहीच माहीत नाही. मी सकाळी लवकर उठतो. कविता मोठ्याने म्हणायची सवय आहे, ती सोडेन. तुझ्या टपालाला हात लावणार नाही.

मी तुझ्याकडे राहायला येऊ का?

बाबा